बदलीच्या गावची कादंबरी

1857 साल म्हटले की आपल्याला उठाव आठवतो, आणि शिक्षणाच्या इतिहासात रस असलेल्याला मुंबई विद्यापीठाची स्थापना आठवते. त्याच वर्षी बाबा पदमनजी या 26 वर्षांच्या तरुणाने ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे पुस्तक छापले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते आज ओळखले जाते. लेखक मिशनच्या शाळेत मास्तर होता आणि पुस्तकाच्या नावातच पर्यटन होते. या दोन गोष्टी योगायोगाने एकत्र आल्या असे मला वाटत नाही. पुढची सव्वाशे वर्षे मराठीत पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांची नावे काढली, तर त्यांत मास्तर, हेडमास्तर, प्राध्यापक आणि शिक्षणखात्यातले नोकरदार इतके भेटतात की त्यांना वगळून हा इतिहास सांगताच येत नाही. आपण त्यांच्याविषयी बोलताना थोडे हळहळतो. बिचारा नोकरी सांभाळून लिहायचा, पूर्ण वेळ मिळाला असता तर किती लिहिले असते, असे म्हणतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. शिकवण्याची नोकरी आणि त्या नोकरीपायी घडलेले फिरणे, यांनीच मराठी कादंबरीला तिचा ऐवज दिला. ही नोकरी नसती तर यातल्या पुष्कळांकडे लिहिण्याजोगे काही जमलेच नसते.

बाबा पदमनजींचा जन्म 1831 साली बेळगावात, कासार कुटुंबात झाला. शिक्षण आधी बेळगावच्या मिशनशाळेत आणि मग मुंबईत झाले. त्या काळात बेळगावचा माणूस मुंबईला जायचा तो घाट उतरून वेंगुर्ल्याला येऊन तिथून गलबताने किंवा आगबोटीने, नाहीतर देशावरून मजल दरमजल करत. मुंबई-ठाणे आगगाडी 1853 साली सुरू झाली आणि बोरघाटातून गाड्या जाऊ लागायला 1863 साल उजाडले. म्हणजे ‘यमुनापर्यटन’ लिहिले गेले तेव्हा देशावरचा प्रवास गाडीबैलाचा, घोड्याचा आणि पायांचा होता. मुक्काम धर्मशाळेत किंवा ओळखीच्या घरी पडायचा. ओळखीचे घर म्हणजे बहुधा जातीचे घर. 1854 साली बाबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ही सगळी घरे त्यांना बंद झाली. लहानपणापासून ज्यांच्या ओसऱ्यांवर वावरलो त्यांच्याकडे आता बाहेरून पाहायचे, अशी त्यांची स्थिती झाली. आतली माहिती असलेला आणि बाहेर काढलेला माणूस, त्यात रोज मुलांपुढे उभे राहून सोप्या मराठीत समजावून सांगायची सवय असलेला. अशा माणसाच्या हातून पहिली कादंबरी उतरली, यात मला नवल वाटत नाही.

पुस्तकाची रचना पाहावी. यमुना आणि तिचा नवरा विनायक हे मिशनशाळेच्या संस्कारातले, मनाने ख्रिस्ती मताकडे झुकलेले जोडपे. ती दोघे प्रवासाला निघतात, नागपूर, पंढरपूर अशा ठिकाणी जातात आणि जागोजागी त्यांना विधवा भेटतात. कोणाचे केशवपन होते, कोणी फसवली गेलेली असते, कोणी घरच्यांच्या हातची मोलकरीण होऊन राहिलेली असते. पुढे विनायकाचा अपघाती मृत्यू होतो, इतके दिवस दुसऱ्यांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतः विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. समीक्षक या कथानकाला विस्कळीत म्हणतात, आणि एका अर्थी ते आहेही. एकेक हकिगत सुटी काढून वेगळी छापता येईल. पण प्रवासाला जोडपे का पाठवले, हे विचारून पाहावे. विनायक एकटा गेला असता तर त्याला ओसरीवर पाणी मिळाले असते, फार तर पडवीत पंगत मिळाली असती. विधवा माजघराच्याही पलीकडे, स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असायची, आणि तिथपर्यंत बाईच जाऊ शकत होती. यमुना आत जाते, ऐकते, बाहेर येऊन नवऱ्याला सांगते, आणि मग दोघे त्यावर बोलतात. पाहणे, ऐकणे आणि विचार करणे अशी कादंबरीला लागणारी तिन्ही कामे लेखकाने या जोडप्यात वाटून दिली आहेत. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. त्या कायद्याने ज्या बायकांविषयी वाद माजला होता त्यांचे बोलणे कोणाच्याच कानावर पडत नव्हते. ते कानावर पाडायचे तर एका घरात बसून भागणार नव्हते, घरोघर जावे लागणार होते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ही प्रवासाची कल्पना बाबांची नव्हेच, ती मिशनऱ्यांकडून आली. जॉन बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे मराठी रूपांतर हरी केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने 1841 सालीच केले होते, आणि मिशनशाळेत वाढलेल्या तरुणाने ते वाचले नसेल असे कसे म्हणावे. शिवाय प्रवासाची गोष्ट आपल्याला काही नवी नव्हती. राजपुत्र देशोदेशी हिंडतो ही गोष्ट तर आजीच सांगायची. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण बन्यनचा यात्रेकरू ज्या गावांतून जातो त्यांना नकाशावर जागा नाही, ती मनाच्या अवस्थांची नावे आहेत. राजपुत्राच्या वाटेवर राक्षस भेटतो, पण पटकीची साथ भेटत नाही. यमुना जाते त्या पंढरपुरात वाचक स्वतः जाऊन आलेला असतो. तिथल्या विधवांचे प्रश्न इतके खरे होते की पुढे 1875 साली त्याच गावात प्रार्थना समाजाच्या माणसांना बालहत्याप्रतिबंधक गृह काढावे लागले. साचा बाहेरून घेतला हे खरे. त्यात ओतलेला माल मात्र इथल्या वाटांवरचा होता.

ही वाट लगेच रुळली नाही. 1861 साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, 1868 साली नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि वाचक अद्भुताकडे वळला. रिसबुडांनी प्रस्तावनेत याचे कारण देऊन ठेवले आहे, आणि मराठी कादंबरीविषयी इतके प्रांजळ बोलणे मला क्वचितच आढळले आहे. त्यांचा आशय असा: आपल्या लग्नाच्या रीतींमुळे आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात चटकदार दुर्गुणही नाहीत आणि चटकदार सद्गुणही नाहीत, रोज पाहतो तेच लिहिले तर कोणी वाचणार नाही, म्हणून चमत्कारिक गोष्टींचा आधार घ्यावा लागतो. पुष्कळ अभ्यासकांनी हे विधान त्या काळच्या समाजावरचे भाष्य म्हणून वाचले आहे. मला ते लेखकाच्या जागेवरचे भाष्य वाटते. आठव्या-नवव्या वर्षी लग्न, एकत्र कुटुंब, घरातल्या घरात ठरलेले बोलणे, अशा एका वाड्यात बसून पाहणाऱ्याला आयुष्ये खरोखरच एकसारखी दिसणार. ‘यमुनापर्यटन’ त्याआधी 11 वर्षे छापून झालेले होते. एका घरात जे निरस वाटते ते दहा घरे पाहिल्यावर तसे राहत नाही, हे त्या पुस्तकाने दाखवले होते. रिसबुडांना जे सापडले नाही ते होते. त्यासाठी उंबरठा ओलांडायला निमित्त हवे होते.

ते निमित्त सरकारी नोकरीने पुरवले. 1855 साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले. जिल्ह्याजिल्ह्यांत शाळा, शाळांवर मास्तर, मास्तरांवर डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्यांना खेड्यापाड्यांत दिपोटी म्हणत, आणि या सगळ्यांना जोडणारी एक गोष्ट, बदली. त्याआधी गावचा पंतोजी गावातच जन्मायचा आणि गावातच मरायचा. आता कोकणातला माणूस खानदेशात आणि देशावरचा माणूस कारवारकडे जाऊ लागला. हातात महिन्याचा ठराविक पगार आणि घरात पुस्तके असलेला असा वर्ग मराठी मुलखात याआधी नव्हता. पेशव्यांच्या रमण्यात ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही पैसा 1851 पासून मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळला होता, तेव्हा लिहिण्याला थोडे उत्तेजनही होते. ‘मोचनगड’ या मराठीतल्या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीचे लेखक रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे या वर्गाचे चांगले उदाहरण. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचा, नोकरी शिक्षणखात्यातली, काम व्याकरण, जातींचा अभ्यास आणि ‘विविधज्ञानविस्तार’चे संपादन. त्यांची कादंबरी 1871 साली याच मासिकातून आली. किल्ल्याखालच्या माणसांची निरनिराळी बोलणी तिच्यात येतात, आणि भाषांचे असे भेद कान उघडे ठेवून हिंडणाऱ्यालाच कळतात. बदलीत शिक्षाही होती, हे विसरून चालणार नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना रत्नागिरीला धाडले गेले आणि 1879 साली त्यांनी नोकरीच सोडली. सरकारच्या मनात लेखक घडवायचे नव्हते. आपल्या सोयीसाठी त्याने माणसे हलवली, आणि हललेल्या माणसांनी जे पाहिले त्यातले काही कागदावर उतरले.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो माझ्या मते सगळ्यांत वजनदार आहे. हा फिरणारा मास्तर होता कोण? जोतीराव फुल्यांनी 1869 साली ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ या पवाड्यात हेच विचारले. पंतोजी आपल्या जातीच्या मुलांना मायेने शिकवतो आणि शूद्रांच्या मुलांना मारून पळवून लावतो, असा त्यांचा आरोप होता. हा पवाडा ‘सत्यदीपिका’ मासिकात आला, आणि ते मासिक बाबा पदमनजी चालवत होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मराठीच्या पहिल्या कादंबरीकाराने, जो स्वतः मास्तर होता, मास्तरांवरचा हा घाव आपल्या मासिकात छापला. फुल्यांचा आरोप कादंबरीलाही लागू पडतो. बदलीच्या गावी मास्तर उतरायचा तो आपल्या आळीत, त्याला दिसायची ती आपल्यांचीच घरे. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांत शेतकरी, महार-मांग, धनगर जवळपास नाहीत, आणि असले तर वाटेवरच्या झाडासारखे असतात. प्रवासाने दृष्टी आपोआप रुंदावते असे मी म्हणत नाही. माणूस शंभर कोस जाऊनही आपल्याच पाटावर जेवू शकतो. पण या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट त्याची अट स्पष्ट होते: नोकरीने नेलेला माणूस कोणाच्या दारात उतरतो, यावर त्याच्या कादंबरीचा पल्ला ठरतो.

हरिभाऊ आपट्यांचे काय, असे कोणी विचारील. मराठी कादंबरीला खरी उंची त्यांनी दिली, आणि ते मास्तरही नव्हते आणि भटकेही नव्हते. 1885 साली ‘मधली स्थिति’ लिहिली तेव्हा ते 21 वर्षांचे होते. पुढे आयुष्य पुण्यात, आनंदाश्रमाच्या व्यवस्थेत आणि ‘करमणूक’ चालवण्यात गेले. रिसबुडांना निरस वाटलेल्या वाड्यातूनच त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ काढली. हे सगळे खरे आहे. तरीही त्या कादंबरीचा सांधा कुठे आहे ते पाहा. तिची नायिका यमू हिला पुण्याच्या घरात नवऱ्याशी मोकळेपणाने बोलता येत नाही. नवरा तिला लिहायला-वाचायला शिकवतो, म्हणजे घरातला मास्तर तोच होतो. आणि ती दोघे मुंबईला बिऱ्हाड करतात तेव्हाच तिचे स्वतःचे असे आयुष्य सुरू होते. नवरा गेल्यावर तिला पुन्हा त्याच जुन्या वाड्यात परतावे लागते, आणि केशवपनाचा अत्याचार तिथे होतो. मुंबईचे ते दिवस कथेतून काढून टाकले तर वाचकाला तुलनेला काही उरत नाही. लेखक फिरला नाही, पण शिकणे आणि गाव सोडणे याच दोन गोष्टींनी त्याची नायिका आपली कहाणी सांगण्याजोगी झाली. तिसेक वर्षांत यमुनेपासून यमूपर्यंत कादंबरी फार पुढे आली, आणि तरी तिचा कणा बदलला नाही.

मास्तरकीने कादंबरी बिघडवली, हा आक्षेप तर सगळ्यांच्या तोंडी आहे. वर्गात उभे राहायची सवय कादंबरीत जाते, पात्रे व्याख्याने देतात, लेखक पानोपानी सुभाषिते लिहितो. वामन मल्हार जोशी हे राष्ट्रीय शाळेत शिकवणारे, ‘विश्ववृत्त’ मासिकाच्या खटल्यात तीन वर्षे तुरुंग भोगलेले, पुढे कर्व्यांच्या संस्थेत मुलींना शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या ‘रागिणी’त वादविवाद इतके आहेत की कथा ताटकळत उभी राहते. वि. स. खांडेकर 1920 साली शिरोड्याच्या शाळेत गेले आणि 18 वर्षे तिथे राहिले. त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ 1930 ची. त्यांच्या वाक्यावाक्यांत उपमा आणि बोध येतो याविषयी पुरेशी थट्टा झालेली आहे. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणणारे. बोधाला त्यांचा विरोध. पण तत्त्वज्ञानाच्या या प्राध्यापकाने कादंबरी कशी लिहावी याचेच पाठ ‘प्रतिभासाधन’मध्ये घालून दिले. या सवयीने मराठी कादंबरीचे काही नुकसान झाले हे मी नाकारत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की तिने दिलेलेही काही आहे. समोरच्याला काहीच ठाऊक नाही असे धरून सांगणे, एका वेळी एकच गोष्ट सांगणे, मूल कुठे कंटाळते ते ओळखणे, या वर्गातल्या सवयी आहेत. पंडिती गद्याच्या लांबलचक समासांतून मराठी कादंबरी लवकर बाहेर पडली त्यामागे या सवयी आहेत असे मला वाटते. वामन मल्हारांच्या वादविवादांतही रागिणी, उत्तरा या बायका पुरुषांना उत्तरे देतात, शंका विचारतात. मुलींना शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्या लेखकाला बाईच्या प्रश्नाचे वजन कळत होते.

बाईने स्वतः लिहायचे तर नोकरीची गरज आणखी मोठी होती. मालतीबाई बेडेकर, म्हणजे बाळूताई खरे, कन्याशाळेत शिक्षिका आणि पुढे मुख्याध्यापिका होत्या. 1933 साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि गहजब झाला. 1934 साली ‘हिंदोळ्यावर’ ही पहिली कादंबरी आली. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले इतके उघड कोणी लिहिले नव्हते. हे सगळे त्यांना दिसले ते शिक्षिका म्हणून. बरोबरीच्या शिक्षिकांचा पगार कोणाच्या हातात पडतो आणि त्यांच्या लग्नाची घाई घरात कोणाला नसते, हे शिक्षकांच्या खोलीत बसणारीलाच कळते. टोपणनाव घ्यावे लागले तेही त्याच नोकरीमुळे, कारण मुलींच्या शाळेतल्या बाईंनी असे लिहिले हे खपण्यासारखे नव्हते. नंतर 1937 च्या सुमारास त्या सोलापूरला गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवर अधिकारी म्हणून गेल्या. तारेच्या कुंपणातल्या त्या वस्तीतून ‘बळी’ ही कादंबरी निघाली, 1950 साली. पुण्यातल्या शाळेने त्यांना आपल्या वर्गातल्या मुलींची दुःखे दाखवली, सोलापूरच्या नोकरीने त्यांना दुसऱ्याच जगाच्या दारात नेऊन उतरवले. फुल्यांच्या आक्षेपाला मराठी कादंबरी अशी उशिरा, थोडीथोडी उत्तरे देऊ लागली.

सगळ्यांत पूर्ण उत्तर मला 1955 सालच्या ‘बनगरवाडी’त दिसते. व्यंकटेश माडगूळकरांची ही पहिली कादंबरी. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरवाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला पायी निघतो, तिथून ती सुरू होते. ज्या धनगराला मराठी कादंबरीने शंभर वर्षे वाटेवरच ठेवले होते त्याच्या वाडीत मास्तर मुक्कामाला येतो, आणि तिथे त्याची आळी नाही, जातीचे घर नाही. शाळेला पोरे नाहीत, कारण पोरे मेंढरांमागे गेलेली असतात. मग मास्तर काय करतो? पत्रे वाचून दाखवतो, लिहून देतो, तालुक्याला जाईल तेव्हा लोकांची कामे करून येतो, भांडणात मध्यस्थी करतो. वाडीला शाळा नको होती, पण लिहिता-वाचता येणारा एक भरवशाचा माणूस हवा होता. कारभारी हा म्हातारा धनगर त्याला आपले म्हणतो म्हणून वाडी त्याला आपले म्हणते. आणि वाडीतल्या अंजीच्या चोळीचे निमित्त होऊन कारभाऱ्याच्या मनात किंतु येतो तेव्हा मास्तर एका दिवसात परका होतो. या प्रसंगात मास्तराची सारी जागा कळते. त्याच्यावर विश्वास आहे, पण तो उसना आहे. गावाच्या तंट्यात तो असतो आणि नसतोही. पुढे वाडी तालीम बांधते, राजा येतो, आणि मग दुष्काळ पडतो. धनगर मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस होते, आणि मास्तराला तिथे राहण्याचे कारण उरत नाही. शिक्षकाची बदली आणि धनगराचे स्थलांतर ही दोन फिरणी या कादंबरीत समोरासमोर येतात. त्यातले पहिले पगारी आहे आणि दुसरे पोटासाठी आहे, हा फरक माडगूळकर कुठेही बोलून दाखवत नाहीत. तो घटनांतून आपल्याला दिसतो. मास्तराला उपदेश करायची संधी पदोपदी असताना लेखकाने त्याला गप्प बसवले आहे.

अण्णा भाऊ साठे या सगळ्यात बसत नाहीत, आणि त्यांना ओढूनताणून बसवू नये. शाळेचा उंबरा त्यांनी ओलांडला न ओलांडला. वाटेगावाहून पायी मुंबई गाठलेला, गिरणीत आणि मिळेल त्या कामावर राबलेला हा माणूस 1959 साली ‘फकिरा’ लिहून गेला. उद्धव शेळक्यांची 1960 सालची ‘धग’ही कोणा प्राध्यापकाच्या अभ्यासिकेतून आलेली नाही. मग शिकवण्याचे महत्त्व काय राहिले? माझे उत्तर असे की चालणे मूळचे आहे, शिकवणे हे त्याचे एक साधन. अण्णा भाऊंना चालायला भुकेने लावले आणि त्या चालण्याची किंमत त्यांनी शरीराने मोजली. ज्यांना शाळेची वाट मोकळी होती त्यांना पगारी नोकरीने ते चालणे स्वस्तात मिळवून दिले, एवढेच. मास्तर-कादंबरीकारांची परंपरा थोर मानताना ती कोणाला खुली होती आणि कोणाला नव्हती हे अण्णा भाऊंच्या नावाने आठवत राहते.

पुढे शाळेच्या जागी कॉलेज आले. 1960 नंतर जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी कॉलेजे निघाली आणि शेतकऱ्यांची पोरे प्राध्यापक होऊन परगावी बिऱ्हाडे करू लागली. भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ लिहिली ती नोकरीपूर्वी, 1963 साली, आणि तिच्यात सांगवीचा पोरगा पुण्याला शिकायला जातो. पण नंतरच्या ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ यांतला चांगदेव पाटील एका गावचे कॉलेज सोडून दुसऱ्या गावच्या कॉलेजात जात राहतो, खोल्या बदलत राहतो, आणि संस्थाचालक, जातीचे गट, भाड्याच्या खोल्यांचे मालक यांच्यातून सगळा महाराष्ट्र दिसत जातो. नेमाडे स्वतः नगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा असे शिकवत हिंडले. विलास सारंग त्याहून लांब गेले. इराकमधल्या बसऱ्याच्या विद्यापीठात त्यांनी इंग्रजी शिकवले, आणि त्यांची ‘एन्कीच्या राज्यात’ ही कादंबरी 1983 साली आली ती तिथला मराठी प्राध्यापक घेऊन. पंढरपूर-नागपूरपासून निघालेली ही वाट सव्वाशे वर्षांत बसऱ्याच्या शत्त-अल-अरब नदीच्या काठाला लागली. याच सुमारास संगमनेरला भौतिकशास्त्र शिकवणारे रंगनाथ पठारे ‘दिवे गेलेले दिवस’ घेऊन आले, आणि 1985 साली राजन गवस ‘चौंडकं’ घेऊन. गवसांनी जोगतिणीचे आयुष्य लिहिले ते सीमाभागातल्या आपल्याच मुलखातले. तोवर मास्तर परक्या आळीत उतरायचा. आता त्या आळीतलाच पोरगा मास्तर झाला होता.

आज पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्या शिक्षकाची गत वेगळी आहे, आणि तिच्याविषयी मला काळजी वाटते. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर गेली. 2012 नंतर शिक्षकभरती बराच काळ थांबली. कॉलेजात पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे घेतली जातात. असा प्राध्यापक सकाळी एका तालुक्याच्या गावी, दुपारी दुसऱ्या, असा एसटीने फिरतो. फिरणे आहे, पण बिऱ्हाड नाही. ज्या गावात तो शिकवतो तिथे तो रात्रीचा राहत नाही, तिथला वाणी त्याला ओळखत नाही, कोणी त्याच्याकडे पत्र किंवा अर्ज लिहून मागायला येत नाही. कोणी म्हणेल, यातूनही वेगळी कादंबरी निघेल. तुटक जगण्याची तुटक कादंबरी. निघेलही, आणि निघाली तर मी ती आनंदाने वाचीन. पण मे महिन्याची सुट्टी, जिच्यात आधीच्या पिढ्यांतल्या कितीतरी मास्तरांनी आपली पहिली पुस्तके लिहिली असतील, ती तासिकेवरच्या माणसाला बिनपगारी असते. तास नाही तर पैसा नाही. मग तो त्या सुट्टीत शिकवण्या घेतो, जनगणनेचे किंवा परीक्षेचे मिळेल ते काम धरतो, गावी जाऊन शेतात उभा राहतो, आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करतो.